नाव नंतर, कूळ आधी : पावसाळ्यात झाडं ओळखायला शिकताना

जुलै उजाडला की माझ्या फोनवर हिरव्या फोटोंचा पाऊस सुरू होतो. ओल्या कातळावरचं काहीतरी, बहुधा हललेलं, आणि खाली एकच प्रश्न, "हे काय आहे?" मी नाव कळवतो. "वा!" असं उत्तर येतं. पुढच्या जुलैत त्याच माणसाकडून त्याच झाडाचा फोटो आणि तोच प्रश्न.

यात विसरणाऱ्याचा दोष नाही. सुटं नाव डोक्यात टिकत नाही, त्याला अडकवायला खुंटी लागते. घरी अनोळखी पाहुणा आला की आजी आधी "तुम्ही कुणाकडचे?" असं विचारायची. गाव कळलं, घराणं कळलं, कुठूनतरी मामाकडून नातं लागलं की तो माणूस तिच्या जन्मभर लक्षात. झाडांचंही तसंच करायचं. वर्गीकरण म्हणजे कोण कुणाचं कोण, याची वंशावळच. जमिनीवरच्या वनस्पतींची ही वंशावळ सुमारे ४७ कोटी वर्षं मागे जाते, आणि तिच्या बहुतेक मोठ्या शाखांची माणसं, म्हणजे झाडं, सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या वाटेवर भेटतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये नावाची घाई नाही.

सोबत काय घ्याल

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, दाढीचं ब्लेड, वही आणि पेन्सिल. पेन पावसात फसवतं. भिंग वापरताना नवशिके हटकून एक चूक करतात: ते फुलाजवळ धरून लांबून बघतात. भिंग डोळ्याला लावा आणि फूल भिंगाजवळ आणा. पहिल्यांदा बरोबर जमलं की तोंडातून "अरे बापरे" निघतंच.

चव घेऊन काहीही ओळखायचं नाही. कण्हेर विषारी आहे, रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. आणि कासच्या पठारासारख्या राखीव जागी तोडायचं नाही, गुडघे टेकून बघायचं. ब्लेडचे प्रयोग घरच्या कुंडीतल्या आणि भाजीतल्या फुलांवर करा.

पायरी १ : झाड नसलेलं बाजूला काढा

गोड्या मसाल्यातलं दगडफूल फूल नाही आणि वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला तो संसार आहे. अळंबीही वनस्पती नव्हे. बुरशीचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे, हे ऐकून शाकाहारी मंडळी जरा अस्वस्थ होतात. उलट कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरलेली अमरवेल हिरवी नसूनही अस्सल फुलझाड आहे, रताळ्याच्या वेलाच्या कुळातलं. म्हणजे हिरवा रंग ही खूण पुरेशी नाही.

डबक्यातल्या बुळबुळीत हिरव्या दोऱ्यांकडे मात्र आदराने बघा. शाळेत आकृती काढलेली स्पायरोगायरा ती हीच. जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक याच हिरव्या शैवालांच्या गटात आहेत.

पायरी २ : कंपाउंडची भिंत

पहिला आठवडा घराबाहेर लांब जाऊ नका. भिंतीवरच्या हिरव्या मखमलीला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण भिंग लावलं की तिच्यात इवली इवली रोपं दिसतात: खोडासारखी काडी, भोवती पानं. हे मॉस. त्याच्या डोक्यावर केसासारखी बारीक काडी आणि टोकाला कुपी दिसली तर नशीब जोरावर. ती काडी त्या रोपाचा भाग नाही, त्याचं मूल आहे. आईच्या डोक्यावरच वाढतं, तिच्याच जिवावर जगतं आणि कुपीतून बीजाणू उधळतं.

मॉसला अन्नपाणी वर चढवणाऱ्या खऱ्या नळ्या नाहीत, म्हणून ते सहसा बोटभरापेक्षा उंच होत नाही. शिवाय त्याच्या नर पेशींना मादी पेशीपर्यंत पोहत जावं लागतं, त्यासाठी पाण्याचा थर हवा. पाठ्यपुस्तकात अशा वनस्पतींना 'उभयचर' म्हणतात ते यामुळे. उन्हाळ्यात करपलेल्या भिंतीवर चार थेंब पाणी शिंपडा आणि काही मिनिटं थांबा. तपकिरी पापुद्रा डोळ्यांदेखत हिरवा होतो. मुलांना दाखवायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

ओल्या मातीला चिकटून बसलेले, पुन्हा पुन्हा दुभंगलेले हिरवे पट्टे दिसले तर ते रिक्सिया किंवा मर्केंशिया यांच्या जातकुळीतले. खोड नाही, पान नाही, नुसता पसारा. त्यांच्यासकट या सगळ्या बिननळ्यांच्या मंडळींच्या जगात सुमारे २० हजार जाती आहेत. तुम्हाला एकही नावाने ओळखता आली नाही तरी चालेल. वहीत लिहा: "मॉस, कुपीसह, उत्तरेकडची भिंत."

पायरी ३ : पान उलटून बघा

आता घाटवाटेला जा. दरडीवर कोवळं पान गोगलगायीच्या शंखासारखं गुंडाळलेलं दिसलं की तो नेचा. याच्यात नळ्या आहेत, म्हणून हा गुडघाभर, कधी पुरुषभर वाढतो. फूल शोधू नका, येणार नाही. पान उलटा. मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतील; कीड लागली असं समजून लोक कुंडीतली चांगली झाडं फेकून देतात. त्या बीजाणूंच्या पेट्या आहेत.

घरच्या नेच्याचं ठिपकेवालं पान पांढऱ्या कागदावर ठिपके खाली करून ठेवा, वर दुसरा कागद आणि त्यावर वही. दुसऱ्या दिवशी पान अलगद उचललं की तपकिरी भुकटीत पानाची नक्षी उमटलेली असते. ठिपक्यांची मांडणी हीच नेच्यांची ओळख: कुणाचे गोल, कुणाच्या तिरप्या रेघा, आणि हंसराजाने तर पानाची कड मुडपून त्याखाली लपवलेले. झाडाच्या बेचक्यात चढून बसलेलं बाशिंग दिसलं तर थांबाच. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. तपकिरी, ढालीसारखी पानं पालापाचोळा गोळा करून स्वतःसाठी खत जमवतात, आणि लांब हिरव्या पानांच्या पाठीवर ठिपके असतात. झाडाच्या कपाळाला बाशिंग बांधल्यासारखं दिसतं, त्यावरून नाव.

इथे पहिला चकवा. दरडीवर मॉससारखंच नाजूक, पण चपट्या फांद्यांचं, बारीक खवल्यांच्या पानांचं काहीतरी पसरलेलं असतं. ते सेलाजिनेला. त्याला नळ्या आहेत, म्हणून ते मॉस नाही. आणि त्याच्या इवल्या पानात एकच शीर असते, म्हणून नेचाही नाही. जुन्या पुस्तकांनी त्याला नेच्यांबरोबर टेरिडोफायटा या एकाच पेटीत टाकलं होतं. प्रत्यक्षात नेचा सेलाजिनेलापेक्षा आंब्याला जवळचा आहे. हे पचायला वेळ लागतो. सेलाजिनेलाचा फाटा साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, आणि नेचे व बी धरणाऱ्या वनस्पतींचे पूर्वज त्यानंतरही काही काळ एकत्रच होते.

पायरी ४ : बी उघडं की झाकलेलं?

इथून पुढे बियांचं राज्य. बी म्हणजे शिदोरी बांधून दिलेलं बाळ. पोहण्यासाठी पाण्याची वाट बघायची गरज संपली आणि झाडं कोरड्या जमिनीवर पसरली.

उघडं बी बघायला जंगलात जाण्याची गरज नाही, सोसायटीच्या फाटकाशी असलेला सायकस बघा. नर्सरीवाले त्याला पाम म्हणून विकतात, पण त्याचं ताडामाडाशी नातं नाही. मादी झाडाच्या मध्यभागी लोकरी, पिवळट-तपकिरी पानांचा गड्डा असतो आणि त्या पानांच्या कडेला शेंदरी बिया उघड्यावर लागलेल्या असतात. भोवती फळ नाही. अनावृतबीजी हा शब्द पाठ करण्याऐवजी हे एकदा बघा. आणि सायकसच्या नर पेशी अजूनही पोहतात! हा शोध १८९६ मध्ये जपानमध्ये लागला. बी आलं, पण पाण्याची जुनी सवय सुटली नाही.

विद्या येते म्हणून वहीत ठेवायची ती मोरपंखीही उघड्या बियांचीच. समुद्रकाठचा सुरू मात्र नाही. मी सुरुवातीच्या काळात वीस जणांच्या घोळक्यापुढे सुरूला पाइनचा भाऊ ठरवलं होतं, तेव्हा एका आजोबांनी निमूटपणे एक 'सुई' तोडून माझ्या हातात दिली. ती सांध्यांशी टकटक तुटते. म्हणजे ती पान नव्हेच, हिरवी डहाळी आहे. खरी पानं प्रत्येक सांध्यावर दातेरी कड्यासारखी उरली आहेत. सुरूची बोंडं पाइनच्या शंकूसारखी दिसली तरी आतलं प्रत्येक बी पंख असलेल्या फळात बंद असतं. सुरू फुलझाड आहे.

उघड्या बियांच्या जेमतेम हजारभर जाती आज उरल्या आहेत, पण एके काळी त्यांचं साम्राज्य होतं. पुरावा आपल्या विजेच्या बिलात आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडचा दगडी कोळसा ज्या जंगलांचा झाला, त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या जिभेसारख्या पानांच्या झाडांचा मोठा वाटा होता. नावातल्या 'टेरिस'चा अर्थ नेचा. १८२८ मध्ये नुसतं पान बघून ते ठेवलं गेलं. पुढे कळलं की हे झाड बी धरणारं होतं. तीच पानं आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकात सापडतात, कारण तेव्हा हे सगळे भूभाग जोडलेले होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत ओढत आणले होते. त्यात ग्लॉसोप्टेरिसचे जीवाश्म होते.

पायरी ५ : स्वयंपाकघर

झाकलेल्या बियांच्या, म्हणजे फुलझाडांच्या, जाती सुमारे ३ लाख. इथे चाळणी लावावीच लागते. ओल्या फडक्यात मक्याचे आणि चवळीचे दाणे बांधा. चवळी दोन दलं उघडून वर येते, मक्यातून एकच सुरळी निघते. एकबीजपत्रींची पानं समांतर शिरांची, फुलं तीन-तीनच्या हिशोबात, मुळं झुपक्याची. द्विबीजपत्रींच्या शिरा जाळीदार, फुलं चार-पाचच्या हिशोबात, सोटमूळ. शंभरातल्या नव्वद वेळा हे चालतं.

उरलेल्या दहा वेळा मजा असते. अळू, सुरण आणि घोटवेल एकबीजपत्री असूनही त्यांच्या पानांत जाळी दिसते. आणि सीताफळाचं फूल उघडून बघा: तीन जाड पाकळ्या, पण बी दोन दलांचं आणि पानाला जाळी. मग हे कुठे ठेवायचं? उत्तर: दोन्हीकडे नाही. एकदल आणि खरी द्विदलं यांच्याबरोबरीचाच हा तिसरा फाटा आहे. सीताफळ, सोनचाफा, मिरी, नागवेल, दालचिनी, जायफळ हे सगळे त्यातले. विड्याचं पान आणि त्यातली जायपत्री एकाच जुन्या घराण्यातली, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. डीएनएवर आधारलेलं फुलझाडांचं वर्गीकरण १९९८ मध्ये आलं, तेव्हापासून हे चित्र पक्कं होत गेलं. २०१६ च्या आवृत्तीत फुलझाडांची ४१६ कुळं आहेत. घाबरू नका, तुम्हाला सहा पुरतील.

पायरी ६ : नावावर आणि रूपावर जाऊ नका

आपल्या भाषेत चाफे किती! सोनचाफा आणि कवठी चाफा सख्खे. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, म्हणजे चुलत. देवळापाशी असतो तो चिकाचा पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, अमेरिकेतून आलेला. भुईचाफा तर आल्या-हळदीचा भाऊ. वास आणि भक्तिभाव यांवरून आपण सगळ्यांना एकच आडनाव देऊन टाकलं. बोलीभाषेतली नावं फार गोड, पण नात्याचा दाखला म्हणून त्यांची साक्ष धरू नका.

रूपही तितकंच फसवं. तळ्यावर जा आणि तीन झाडं वेगळी करा. कमळाची मोठी पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात, देठ मधोमध असतो, कुठेही चीर नाही. फुलाच्या मध्यभागी भोकाभोकांचा शंकू असतो. कुमुदाची पानं पाण्यावर तरंगतात आणि त्यांना देठापर्यंत चीर असते, पाकळ्या पुष्कळ. बाजारात कमळ म्हणून कुमुदही सर्रास विकलं जातं. तिसरी कुमुदिनी. कासच्या पठाराजवळच्या कुमुदिनी तळ्यात पाण्यावर पांढरा सडा पडतो तो हिचा. फूल लहान, पाच पाकळ्यांचं, पाकळ्यांवर केसांची झालर.

तिघी एकाच पाण्यातल्या, एकीसारखी दुसरी. आणि नातं? कुमुद फुलझाडांच्या मुळाशी फार लवकर वेगळ्या झालेल्या शाखेवर बसलं आहे. कमळाचे जवळचे नातेवाईक जमिनीवरचे वृक्ष आहेत. कुमुदिनी सूर्यफुलाच्या गणातली (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट). पाण्यात राहायचं तर तरंगणारं गोल पान सोयीचं, म्हणून तीन वेगळ्या घराण्यांनी आपापल्या वेळी तोच पोशाख शिवून घेतला. उत्क्रांती म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा या तळ्याच्या काठावर जास्त कळलं.

निवडुंगाचीही तीच गोष्ट. फड्या निवडुंग अमेरिकेहून आलेला कॅक्टस. तीनधारी निवडुंग इथलाच, एरंडाच्या कुळातला. कुंपणाच्या दोन्ही झाडांना जरा दुरूनच बघा: तीनधारीला पांढरा चीक येतो आणि काटे जोडीजोडीने असतात, फड्याला चीक नाही आणि काट्यांचे झुपके असतात.

पायरी ७ : सहा कुळं

इथून वहीला खरी बरकत येते. भाजी चिरताना सुरुवात करा. दुधी, काकडी, कारलं यांच्या मादी फुलाखाली इवलं फळ आधीच लटकलेलं असतं: काकडीचं कूळ. भेंडीचं फूल, जास्वंद, अंबाडी आणि कापूस शेजारी ठेवा. पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून डोकं काढणारी कुक्षी सगळीकडे तीच: जास्वंदीचं कूळ. डीएनए बघितल्यावर काटेसावरही याच घरात आली.

दसऱ्याच्या झेंडूची एक 'पाकळी' उपटा. खाली काळं बी लोंबतं, कारण ती पाकळी नव्हे, अख्खं फूल आहे. झेंडू म्हणजे शेकडो फुलांची वसाहत. सूर्यफूल, शेवंती, सप्टेंबरात पठारं पिवळी करणारी सोनकी, सगळी याच कुळातली. चीक येतो आणि पानं समोरासमोर, तर रुई, कण्हेर, करवंद यांचं कूळ आधी आठवा. शेंग दोन शिवणींवर उकलली तर कडधान्यांचं कूळ, मग फूल वाटाण्यासारखं असो, बहाव्यासारखं असो की बाभळीसारखं गोंड्याचं.

सहावं माझं आवडतं. तुळशीचं खोड बोटांत फिरवा, चौकोनी लागतं. पानं समोरासमोर, पुढची जोडी आडवी. आता सागाची कोवळी फांदी फिरवा. तीही चौकोनी! साग पूर्वी वेगळ्या कुळात होता, डीएनएने त्याला तुळशीच्या घरात आणलं. निर्गुडीही पाठोपाठ आली. मात्र चौकोनी खोड दिसलं म्हणजे तुळसच, असं धरू नका. कारवीच्या कुळातही ते भेटतं.

पायरी ८ : आता नाव

कूळ ठरल्यावरच अ‍ॅप उघडा. अ‍ॅपने सुचवलेल्या पाच नावांपैकी तीन भलत्याच कुळातली निघतील आणि ती तुम्हीच खोडाल. हा आनंद वेगळा आहे. शंका उरली तर किल्ली वापरायला शिका: "पानं समोरासमोर की एकाआड एक?" अशा दोन-दोन पर्यायांच्या प्रश्नांनी ती नावापर्यंत नेते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा थिओडोर कुक यांचा किल्ल्यांसह इंग्रजी ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. कुक हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तेव्हा आपला विषय वेगळा आहे ही सबब चालणार नाही.

शास्त्रीय नावंही बदलतात. बाभूळ १०० वर्षांहून अधिक काळ अकेशिया होती. २००५ मध्ये ते नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींसाठी राखलं गेलं आणि आपली बाभूळ वॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया. आफ्रिकेत यावरून बराच आरडाओरडा झाला. वहीत जुनं नाव खोडू नका, कंसात ठेवा.

पायरी ९ : गवतं तिसऱ्या पावसाळ्याला

गवतं कठीण. फुलं डोळ्यांना दिसत नाहीत, जाती भरमसाट. पहिली दोन वर्षं त्यांना खुशाल बाजूला ठेवा, पण त्यांना किरकोळ समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ डायनासोरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवतं नव्हतीच, असा समज होता. पात्याने बोट कापतं तेव्हा टोचणारी सिलिका तीच.

तोपर्यंत गवत आणि लव्हाळा एवढं तरी वेगळं करा. ओढ्याकाठी बसा, काडी चिमटीत धरून फिरवा. गवताची काडी गोल फिरते, तिला पेरं असतात आणि ती बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याची काडी भरीव, आणि फिरवताना बोटांना तीन कडा लागतात.